पहाटे हाक कोणी मारली?

चौकीला एक कोठडी होती आणि कोठडीत जाळी ठेवलेली असत. बोटवाल्यांना जागा अपुरी पडायची, कोठडी रिकामी असायची, तेव्हा हवालदारच एकदा म्हणाला होता, "ठेवा की. कोणी आला तर काढू बाहेर." कोणी आला नाही. गाव समुद्राच्या इतक्या टोकाला होतं की चोराला चोरी करून पळायचं झालं तर दिवसाच्या एकुलत्या एका बसने पळावं लागे, आणि तिचा कंडक्टर "कुठे चाललात, पिशवीत काय आहे, घरी सांगितलंत का" एवढं विचारल्याशिवाय तिकीट फाडत नसे. हवालदाराच्या साऱ्या नोकरीतलं मोठं प्रकरण म्हणजे एका बोटीचा नांगर चोरीला गेला ते. नांगर समुद्रातच सापडला. टाकला होता तिथेच होता, दोरी तेवढी सुटली होती. तरी हवालदाराने पंचनामा केला, कारण त्यासाठी त्याने नवा सदरा घातला होता.

असा हा माणूस. पोट थोडं सुटलेलं, आवाज मोठा, आणि कोणाला ओरडला की दुसऱ्या दिवशी आपणहून जाऊन त्याला चहा पाजणारा. गेल्या वर्षी त्याची बायको धक्क्याच्या उतारावरून घसरली, डोकं दगडावर आपटलं आणि गेली. गाव अपघात म्हणालं. डॉक्टर अपघात म्हणाला. वरच्या साहेबांनी अपघात म्हणून शिक्का मारला आणि हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थोडे दिवस रजा घे."

हवालदाराने रजा घेतली नाही. तपास घेतला.

तपासाचं कारण समजायचं तर आधी तो उतार समजला पाहिजे. धक्क्यावरून खाली पाण्यापर्यंत दगडी उतार होता. दिवसभर त्यावरून माशांच्या टोपल्या वर जायच्या, त्यांचं पाणी गळायचं, खवले सांडायचे, रात्री भरतीचं पाणी वरून फिरून जायचं, आणि पहाटेपर्यंत दगडांवर असा बुळबुळीत थर धरायचा की मांजरसुद्धा कडेकडेने जाई. उपाय म्हणून वाळूचं पिंप ठेवलेलं होतं. पहिला येईल त्याने वाळू पसरायची, मग बाकीच्यांनी खुशाल चालायचं. फक्त पिंप होतं उताराच्या तळाशी. वाळू खाली मिळते, ती वर कोण चढवणार? म्हणजे पहिल्या माणसाने जीव मुठीत धरून बिनवाळूचा उतार उतरायचा आणि मागच्यांसाठी वाळू टाकत टाकत वर यायचं. ही व्यवस्था कोणी लावली ते कोणाला आठवत नव्हतं, आणि तिच्यात काही चुकतंय असं कोणाला वाटतही नव्हतं. पहिला येणारा नेहमी कोणीतरी मुरलेला असे, अनवाणी, पायाची बोटं दगडात रोवत उतरणारा.

आणि हवालदाराची बायको कधीही, कशालाही पहिली आलेली नव्हती.

ती धक्क्यावर मासे निवडायला जायची. लहान, मोठा, फुटका, चांगला असे वाटे करायची. तिचा हात पडल्याशिवाय वाटे सरळ दिसत नाहीत असं लिलाववाल्या मावशीचं मत होतं, म्हणून लिलाव रोज तिच्यासाठी थांबायचा. मावशी म्हणजे धक्क्यावरचा आवाज. लिलाव पुकारून पुकारून तो इतका तयार झाला होता की ती साधं "बरी आहेस ना?" म्हणाली तरी पलीकडच्या बोटीवरून कोणीतरी भाव वाढवायचा. तीही कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि वरच्या वाटेकडे बघत म्हणायची, "येतेय का गं आपली महाराणी?" महाराणी यायची, केस अर्धे बांधलेले, एक चप्पल दुसऱ्या जोडातली. लग्नातसुद्धा सगळे जमले, नवरा येऊन उभा राहिला आणि नवरीच नाही. ती वाटेत कोणाच्या तरी दारात एक मांजरी व्याली होती ती पिल्लं बघत बसली होती.

आणि ही बाई त्या दिवशी धक्क्यावर सर्वांच्या आधी गेली. उजाडायच्या आत. मावशी आणि बाकीच्या बायका पोचल्या तेव्हा ती खाली पिंपाजवळ पडलेली होती.

हवालदाराचं म्हणणं एवढंच होतं: ती आपण होऊन गेली नसणार. कोणीतरी हाक मारली. त्या माणसाने पहाटे दारात येऊन हाक मारली नसती तर ती नेहमीसारखी उशिरा गेली असती, वाळूवरून गेली असती, आणि आज असती. तो माणूस कोण? तो पुढे का येत नाही? आदल्या संध्याकाळी हवालदाराची दाढ ठणकत होती, दवाखान्यातून गोळी आणून तो लवकर आडवा झाला होता आणि, त्याच्या मते, मेल्यासारखा झोपला होता. त्यामुळे हाक त्याने ऐकली नाही. पोलिसाच्या दारात येऊन कोणी त्याची बायको हाक मारून नेली, आणि पोलीस घोरत होता. हे त्याला सोसत नव्हतं. त्या माणसाचं नाव कळलं असतं तर निदान रागवायला एक तोंड मिळालं असतं.

घरात तिचं नाव 'अगं' होतं आणि त्याचं 'अहो'. खरी नावं कागदावर होती, ती कोणी वापरत नसे. गावात त्याला हवालदार म्हणत, साहेब म्हणत, मागून काय म्हणत ते त्याला माहीत होतं. 'अहो' म्हणणारं माणूस एकच होतं. ते गेल्यावर आपलं घरातलं नावच कोणीतरी उचलून नेलं, असं त्याला वाटे. कधी रस्त्यात कोणी दुसऱ्याला "अहो" म्हणून हाक मारली की तो वळून बघायचा आणि मग उगाच समोरच्या दुकानाच्या पाटीचं निरीक्षण करत उभा राहायचा.

तपास कसा करतात हे त्याला नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. ते बायकोने शिकवलं होतं. तिला रहस्यकथांचं वेड होतं. संध्याकाळी तो भाजी चिरायचा आणि ती वाचून दाखवायची. पहिल्या मुडद्यापर्यंत ती गप्प असे. नंतर दहा-बारा पानांत पुस्तक उपडं ठेवून म्हणायची, "कळलं मला कोण ते."

"कोण?"

"तो डॉक्टर."

"अगं, काहीतरीच. तो बिचारा सगळ्यांना मदत करतोय."

"म्हणून तर. जो फार मदत करतो ना, त्याच्यावर नजर ठेवायची. अहो, दोडका सोला की, चिरताय काय तसाच."

आणि शेवटी डॉक्टरच निघायचा. हवालदाराला दर वेळी धक्का बसायचा. एवढ्या पुस्तकांत एकदाही त्याला गुन्हेगार ओळखता आला नाही. पण ते कधी लागलंही नाही, ओळखणारी घरात होती.

आता तिच्या पद्धतीने बघायचं म्हटलं तर पंचाईत अशी की सारं गावच मदत करत होतं. दारात कोणी भाजी ठेवून जाई. सदऱ्याची बटणं कोणीतरी लावून देई. शिंप्याने न सांगता पॅन्ट आत घेऊन दिली, कारण पोट उतरलं होतं. हवालदार प्रत्येकाकडे रोखून बघायचा आणि म्हणायचा, "एवढं का करतोस तू माझ्यासाठी? त्या पहाटे कुठे होतास?"

आणि लोक सांगत. न चिडता, पहिल्यांदा विचारल्यासारखं सांगत. मावशी एकदा म्हणाली, "अरे, किती वेळा घेशील माझा जबाब? आता तू झोपेत विचारलंस तरी मी झोपेत सांगेन."

"त्या पहाटे तू तिला हाक मारलीस का?"

"मी हाक मारली असती तर अख्खं गाव उठलं असतं, बाबा. माझा आवाज माहीत नाही तुला?"

हा मुद्दा बिनतोड होता. हवालदाराने तो लिहून घेतला. मावशी पदराला डोळे पुसत धक्क्यावर गेली आणि त्या दिवशी तिने लिलाव इतका हळू पुकारला की व्यापारी एकमेकांना विचारू लागले, आज बाईंना बरं नाही का?

घरी सासूबाई होत्या. लेक गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आल्या त्या राहिल्याच. दोघांची जोडी मोठी विचित्र होती. त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि हवालदार नेमका त्याच बाजूला बसून जेवायचा. त्या रांधायच्या, तो ताटात बोट फिरवायचा. रात्रीचं उरलेलं सकाळी, सकाळचं उरलेलं रात्री, असं एकच जेवण दोघांत फिरत असे. धक्क्याकडे मात्र सासूबाईंनी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. बाजारातून येतानाही त्या लांबच्या गल्लीने यायच्या.

"जावईबापू," त्या एकदा म्हणाल्या, "माझी लेक गेली. तुमची बायको गेली. कोणाचं जास्त गेलं त्याचा करा एकदा पंचनामा, म्हणजे सुटू दोघंही."

"ज्याने हाक मारली तो सापडू दे, मग सुटू."

"आणि नाही सापडला तर?"

हवालदाराने ऐकू न आल्यासारखं केलं. या घरात ते चालून जायचं.

तो जेवणातून उठला, मग झोपेतून उठला. कामावर जायचा, पण वाटेत मध्येच उभा राहायचा. एकदा तो चौकीच्या पायरीवर सकाळपासून बसून होता आणि दुपारी त्याला विचारलं तर म्हणाला, "आत जातोय." गाल आत गेले. एक दाढ तर त्याने बायको गेली त्याच आठवड्यात उपटून टाकली होती. दवाखान्यात जाऊन म्हणाला, काढ. सुई न देता काढ. दाढ निघाली तेव्हा तो ओरडला नाही. बाकीचे दात हलत नव्हते, पण चावायला काही नसल्यामुळे बसून होते.

मदत करणाऱ्यांत सर्वांत वरचा होता बर्फवाला. धक्क्यामागच्या बर्फाच्या कारखान्यात तो एकटाच असे. मशीन चालवायचं, लाद्या काढायच्या, लिलाव सुरू झाला की त्या फोडून टोपल्यांवर द्यायच्या. लहानपणापासूनचा हवालदाराचा दोस्त. बर्फात हात घालून घालून त्याच्या बोटांना काही कळेनासं झालं होतं. तो उकळत्या चहाचा पेला असा धरायचा की बघणाऱ्याचे हात भाजावेत. वर्षभर तो रोज संध्याकाळी येऊन बसे. छपराचं पत्र्याचं पान त्याने बसवलं, नळ त्याने दुरुस्त केला, सासूबाईंना चष्मा त्याने करून आणला. आणि हाक कोणी मारली हा विषय निघाला की तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसे.

हे हवालदाराच्या लक्षात यायला वर्ष लागलं. बायकोला दहा पानं लागली असती.

एका दुपारी बर्फवाला चौकीत आला. बसला नाही. म्हणाला, "लिहून घे."

"काय?"

"मी मारली हाक."

बाहेर बोटीचं इंजिन कोणीतरी सुरू करून बघत होतं, ते दोनदा खोकून बंद पडलं.

"मी त्या पहाटे तुझ्या दारात आलो," बर्फवाला भिंतीकडे बघत पाठ केल्यासारखं बोलू लागला. "वहिनींना म्हटलं, मोठी बोट लवकर येतेय, माल भरपूर आहे, निवडायला चला. त्या आल्या. बोट काही आली नाही. मी कारखान्यात निघून गेलो. त्या एकट्याच उतरल्या. मी थांबायला पाहिजे होतं. वाळू टाकायला पाहिजे होती. तेव्हापासून सांगेन सांगेन म्हणतोय, तोंड उघडत नाही. झालं. आता काय करायचं ते कर."

हवालदार उठला. त्याला वाटलं होतं, या क्षणी आपण समोरच्याचा गळा धरू. तसं काही झालं नाही. उलट छातीवरून कोणीतरी पोतं उतरवावं तसं झालं. तिने म्हटलंच होतं, जो फार मदत करतो त्याच्यावर नजर ठेवायची. ती पुन्हा बरोबर निघाली. अगं, बघ, सापडला.

"तुला अटक करावी लागेल," तो म्हणाला.

"कर ना."

पण कोठडीत जाळी होती. दारापासून आढ्यापर्यंत ठासून. हवालदाराने एक टोक धरून ओढलं, ते दुसऱ्यात अडकलेलं निघालं. बर्फवाला थोडा वेळ बघत राहिला, मग बाह्या सरसावून म्हणाला, "हो बाजूला. तसं नाही, आधी ते निळं सोडव." शेवटी आरोपीनेच जागा करून घेतली. दोघांनी मिळून जाळी अंगणात नेऊन टाकली, दोघांनाही घाम फुटला, हवालदाराने सवयीने त्याला पाण्याचा तांब्या दिला. मग बर्फवाला आत गेला आणि हवालदाराने कुलूप लावलं. कुलूप गंजलेलं होतं, तेही आतून बर्फवाल्याने दाबलं तेव्हा बसलं.

घरी येऊन हवालदार म्हणाला, "सासूबाई, वाढा."

त्या बघतच राहिल्या. त्याने पाट घेतला, ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागला. भाताचे डोंगर उतरू लागले. सासूबाई वाढत होत्या, काही विचारत नव्हत्या, आणि एका डोळ्यातून पाणी येत होतं ते पुसतही नव्हत्या. वर्षाची भूक होती ती. घास अडकला तेव्हा त्याने माठातल्या गार पाण्याचा पेला उचलून गटकन तोंडात ओतला.

पाणी डाव्या बाजूला गेलं. उपटलेल्या दाढेच्या खड्ड्यात. गारेगार कळ कानापर्यंत गेली.

हवालदार थांबला. हा गारवा त्याच्या ओळखीचा होता. याच बाजूला, याच गालावर. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गार, आणि त्यावर तिचा हात. "अहो, हलू नका. आता राहील. झोपा." अंधारच होता अजून. गोळीने तो मेल्यासारखा झोपला नव्हता. तो रात्रभर कण्हत होता आणि सकाळी विसरला होता. त्या दिवशी सगळं आटोपून लोक त्याला घरी घेऊन आले तेव्हा त्याची उशी ओली होती. त्याला वाटलं होतं, आपणच रडलो असू.

त्याने पेला खाली ठेवला. पुढचा घास हातात होता तो ताटात ठेवला.

त्या वेळी घरात बर्फ कुठून आला?

लाद्या लिलावाच्या वेळेस फुटतात. त्याआधी कारखाना बंद. उजाडायच्या आत कोणाला बर्फाचा तुकडा हवा असेल तर जाऊन बर्फवाल्याचं दार ठोठावावं लागेल. म्हणजे बर्फवाला हिला हाक मारायला आला नव्हता. हीच त्याला हाक मारायला गेली होती.

आयुष्यात पहिल्यांदा हवालदाराने स्वतःच्या डोक्याने काहीतरी शोधून काढलं होतं, आणि ते परत जिथे होतं तिथे ठेवून देता येत नव्हतं.

चौकीपुढे गर्दी जमली होती. बर्फवाल्याला आत टाकलं ही बातमी पसरली होती आणि मावशी पुढे उभी राहून पूर्ण आवाजात पुकारत होती, "सोड त्याला! हाक मी मारली होती!"

"तू नाही, मी," शिंपी म्हणाला. "मी गेलो होतो. सदऱ्याचं माप घ्यायला."

"पहाटे? माप? गप रे, खोटं तरी नीट बोल!"

"तू तरी कुठे खरं बोलतेस? तुझ्या हाकेने अख्खं गाव उठतं असा जबाब आहे तुझा!"

दोघंही हमरीतुमरीवर आली होती. मागून एक म्हातारा बोटवाला सारखा म्हणत होता की मला कोणी विचारतच नाही, मीही मारली असेल हाक, माझं काय जातं. हवालदार त्यांच्यातून असा चालत गेला की बोलणाऱ्यांचे आवाज आपोआप खाली आले. त्याने कोठडीसमोर स्टूल ओढलं.

"बर्फ कोणासाठी फोडलास त्या पहाटे?"

दुपारी न विचारता बोलणारा आरोपी आता बोलेना.

"माझ्या गालाला बर्फ होता. तो तू दिलास. सांग."

"मी हाक मारली म्हणतोय ना. घे लिहून. सही करतो."

"ती आली होती तुझ्याकडे."

बर्फवाला जमीन उकरू लागला. कोठडीची जमीन सिमेंटची होती. तरी तो उकरत राहिला.

"सासूबाई आल्या होत्या माझ्याकडे," तो शेवटी म्हणाला. "म्हणाल्या, जावयाला कुठून तरी एक गुन्हेगार द्या हो. नाहीतर हाही जाईल. मी म्हटलं, मी होतो. एवढं काय. थोडे दिवस आत बसेन. तू जेवशील तरी."

"ती काय म्हणाली?"

"कोण?"

"ती. बर्फ न्यायला आली तेव्हा. काय म्हणाली?"

"सोड ना."

"सांग."

दाराशी गाव दाटून उभं होतं.

"म्हणाली, दादा, बर्फ द्या, यांची दाढ धरलीय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी लादी फोडली. फडकं तिनेच आणलं होतं. मग..." बर्फवाल्याने तोंड फिरवलं. "मग हसली. म्हणाली, आता यांना झोप लागली की झोपत नाही मी, तशीच धक्क्यावर जाते. आज पहिली मी. आज वाळू मी टाकणार. आणि त्या सगळ्या आल्या ना, की वर उभी राहून म्हणणार आहे, काय हो, आज उशीर केलात?"

हवालदार स्टुलावर बसून होता. त्याने मान हलवली, पंचनाम्यात एखादी ओळ बरोबर असली की हलवतो तशी.

"वर्षभर बोलला नाहीस."

"काय बोलणार होतो? तुझ्या दाढेचं नाव घेऊ?"

हवालदार उठला, कुलूप उघडायला गेला. ते उघडेना. दोघांनी आतून-बाहेरून धक्के दिले तेव्हा कडीच निखळून हातात आली.

"आता काय करणार?" बर्फवाल्याने विचारलं.

"काय करणार?" हवालदार म्हणाला. "दाढ तर काढून टाकली."

हे तो हसण्यासारखं बोलला होता. पण तो हसला नाही, आणि दुसरं कोणी हसेल अशी सोय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो धक्क्यावर गेला. गुन्हेगार सापडला होता, तपास संपला होता, आणि सापडल्यावर काय होतं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ती शेवटचं पान वाचून पुस्तक मिटायची आणि म्हणायची, "चला, झोपा आता." त्याला वाटत होतं, तिच्यासारखं एकदा सर्वांच्या आधी जावं. तो बिनवाळूचा उतार पायाखाली घ्यावा. पुढचं त्याने ठरवलं नव्हतं, किंवा ठरवलं असेल तर स्वतःला सांगितलं नव्हतं.

पण उतारावर वाळू होती. साधीसुधी नव्हे, घोटाभर. रात्रीतून कोणीतरी पिंप तळापासून उचलून वर आणून ठेवलं होतं. मग दुसऱ्या कोणीतरी येऊन वाळू टाकली होती, त्याला न सांगता तिसऱ्याने टाकली होती. लाजेने गाव एकमेकांआधी उठून गेलं होतं. माशांची एक हातगाडी मध्येच चाकांपर्यंत रुतून बसली होती आणि तिचा मालक तिच्याकडे बघून काही म्हणायचं धाडस करत नव्हता. कडेने सगळे उभे होते, मावशी, शिंपी, बर्फवाला, बायका. इतक्या लवकर उठल्याने सगळ्यांचे चेहरे परक्या गावच्या लोकांसारखे दिसत होते.

"आता टाकता?" हवालदार म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आता टाकता होय?"

कोणाची तरी टोपली होती, तिच्यावर खराटा पडलेला होता. त्याने तो उचलला आणि खाली जाऊन झाडायला लागला. खालून वर, दगड दिसेपर्यंत. वाळू उडत होती, त्याच्याच सदऱ्यावर बसत होती. ती पडली होती तेवढी जागा त्याने साफ केली. काळा दगड ओला, चकचकीत दिसू लागला. मग खराटा टाकून तो त्या दगडावर उभा राहिला. दोन्ही पाय जोडून.

त्याचा पाय घसरला नाही. वर्षभरात एवढा हलका झालेला माणूस, त्याला तो दगडही काही करायला तयार नव्हता.

बोटी आल्या. दोर पडले. पाण्यातून कोणीतरी ओरडलं, "अरे, घ्या की वर!" बायका टोपल्या घेऊन उताराच्या तोंडाशी उभ्या होत्या, पण एकही खाली येईना. तो मध्ये होता.

"बाळा," मावशी म्हणाली, आणि त्या आवाजाला कोणी भाव दिला नाही, इतका तो लहान होता. "माल उन्हात जाईल."

"जा ना. मी कुठे अडवलंय?"

तो हलला मात्र नाही. तेव्हा वरच्या बाजूने बायका बाजूला झाल्या आणि मधून सासूबाई उतरू लागल्या. वर्षभर लांबच्या गल्लीने फिरलेल्या सासूबाई, रुतलेल्या हातगाडीला धरून, एकेक पाऊल चाचपत. त्यांनी पदर ओटीसारखा धरला होता आणि त्यात वाळू होती. त्याच्याजवळ येऊन त्या वाकल्या. दगडाकडे त्यांनी थोडा वेळ बघितलं. आपल्या लेकीचं काय ते त्यांनी तिथे बघून घेतलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पाय उचला."

त्याने एक पाय उचलला. त्यांनी वाळू टाकली, तळव्याने सारखी केली. मग दुसरा उचलला. लहान मूल न्हाताना उचलतं तसा, कोणाच्या तरी खांद्याला धरून. खांदा सासूबाईंचाच होता.

"अगं म्हणायची तुम्हाला सवय," त्या वाकलेल्याच म्हणाल्या. "मला म्हटलंत तरी चालेल. ऐकू येत नाही मला फारसं."

बायका खाली येऊ लागल्या, त्याच्या दोन्ही बाजूंनी, वाळूवरून. टोपल्या वर गेल्या, पाणी गळलं, खवले पडले. वर वाटे मांडले गेले, थोडे वाकडे. मावशी कमरेवर हात ठेवून सवयीने वरच्या वाटेकडे वळली, थबकली, आणि पुन्हा माशांकडे तोंड करून पुकारायला लागली.

लिलाव वेळेवर सुरू झाला. उशिरा येणारं कोणी उरलंच नव्हतं.